पाच थर खाली

१८ जून, मंगळवार

ही डायरी इद्वलमामांनी दिली. आठ वर्षं जुनी आहे, खिळे-लाकडाच्या कुठल्याशा दुकानाने फुकट वाटलेली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितोय. पहिल्याच पानावर छपराच्या कोणत्या उताराला किती दगडी पाट्या लागतात त्याचा तक्ता आहे. मामा म्हणाले, "लिही काहीतरी. तुझे हात रिकामे राहिले की पाय चालायला लागतात."

ते खरं आहे. गावात तीन इफान आहेत. एक इफान दूध, एक इफान ऑर्गन, तो चॅपलमध्ये वाजवतो, आणि मी इफान बस. शाळा सोडल्यापासून लोकांनी मला एकतर बसमध्ये चढताना पाहिलंय नाहीतर उतरताना. मामांना सगळे इद्वल पाटी म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी बॅंगरपासून खाली पार पुल्हेलीपर्यंत घरांवर दगडी पाट्यांची छपरं घातली. तीन वर्षांपूर्वी एका चर्चवरून पडले. आता कंबरेत लोखंड आणि हातात काठी. शिडीची दुसरी पायरी ही त्यांची हद्द.

मी दोन आठवड्यांसाठी आलोय. मग होलीहेडला बोट, पलीकडे आयर्लंड, आणि तिथे ओर्ला. मागच्या पानगळीत हेरफर्डच्या सफरचंदांच्या बागेत आम्ही एकाच शिडीवर होतो, ती वर, मी खाली. निघताना तिने पत्ता दिला, फोन नंबर नाही. म्हणाली, "फोनवर सगळेच गोड बोलतात. कागदावर लिही, नाहीतर ये."

आठ महिने झाले. दोन पत्रं लिहिली. दोन्ही या डायरीत खोचलीत.

१९ जून

मागच्या अंगणात चार भिंती उभ्या आहेत, विटांच्या. आमच्याकडे सगळं काम दगडाचं, त्यामुळे लोक थांबून बघतात. खालची वीटभट्टी बंद पडली तेव्हा मामांनी विटा आणून ठेवल्या होत्या. पडल्यानंतर घरी बसवेना म्हणून काठी भिंतीला टेकवून एकेक वीट लावत दोन वर्षांत त्यांनी या भिंती चढवल्या. बारा फूट बाय दहा. दारातून आत गेलं की वर आभाळ आणि खाली गवत. एका कोपऱ्यात गोगलगायींची वसाहतच आहे. मी अर्धा तास त्या मोजत होतो, सदतीस भरल्या.

आत त्यांना काम करायला बाक टाकायचंय. घरांच्या नावांच्या पाट्या कोरायच्या, घड्याळांच्या तबकड्या कापायच्या. सध्या हे स्वयंपाकघरात चालतं आणि सूपमध्ये दगडाची धूळ येते.

"मग छप्पर का नाही घातलं?"

"चढता येत नाही."

"माणूस लावायचा."

"माझ्या छपरावर मी माणूस लावू?"

"मग मला काय म्हणून बोलावलंत? मी माणूस नाही?"

"तू हवामान आहेस. येतोस आणि जातोस."

२२ जून

छप्पर निवडायला बसलो. मी म्हटलं, डांबरी कापड, एका दिवसाचं काम. मामा म्हणाले, डांबर रस्त्याला. मी म्हटलं, रबराची चादर. म्हणाले, रबर बुटाला. मला पत्रा आवडतो. बागेतल्या मजुरांच्या खोल्यांना पत्रा होता. पाऊस आला की बोलणं ऐकू यायचं नाही, मग ओर्ला कानाशी येऊन बोलायची. ती काय बोलायची ते आठवत नाही, कान गरम व्हायचा ते आठवतं.

"पत्रा मेंढ्यांना," मामा म्हणाले.

मग राहिल्या पाट्या. त्या तर कुंपणाशी ताडपत्रीखाली रचलेल्याच आहेत. बेथेल चॅपल पाडलं तेव्हा मामांनी स्वतः उतरवलेल्या चारशे. आता ठरलंच की, असं मला वाटलं. पण मामा म्हणाले, "पाट्यांना उतार लागतो. उतार म्हणजे उंची." वर शेजारच्या कुंपणाकडे एकदा बघितलं आणि चहा करायला आत गेले.

२७ जून

काही ठरत नाही. काल मामा चक्क म्हणाले, "रबराचं बघू का पुन्हा?" हे मी बसच्या ड्रायव्हरला सांगितलं तर त्याने बस थांबवली. "इद्वल पाटी रबर घालणार? पाद्री दारू गाळायला लागला म्हण ना." आता हे गावभर होणार.

२ जुलै

कोडं सुटलं. ग्रंथालयातल्या बाईने कौन्सिलचा नियम काढून दिला. कुंपणापासून दोन मीटरच्या आत काही बांधलं तर त्याची उंची अडीच मीटरच्या वर नको. मामांच्या भिंतींवर पाट्यांचं छप्पर चढवलं तर ते जाणार जवळपास तीनपर्यंत. म्हणून बिचारे अडकलेत आणि सांगायला लाजतायत. चाळीस वर्षं छपरं घातलेल्या माणसाने नियम विसरावा म्हणजे काय.

३ जुलै

सकाळी टेप घेऊन कुंपणापासून भिंतीपर्यंत मोजलं. दोन मीटर आणि वर वीतभर. म्हणजे तो नियम लागतच नाही. हवं तेवढं उंच करा. मी धावत आत जाऊन सांगितलं.

मामा पावाला लोणी लावत होते. म्हणाले, "माहिती आहे. मीच वीतभर जास्त सोडलंय."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"लोणी दे इकडे."

११ जुलै

शेजारी, चढावर, मिसेस पॅरी राहतात. नेस्टा पॅरी. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या अंगणावरून थेट खाली खाडीकडे बघते. नवरा ह्यू मासेमारी करायचा. अकरा वर्षांपूर्वी गेला, समुद्रात नव्हे, अंथरुणात. तरी गावाचं म्हणणं आहे की बाई अजून त्याच्या बोटीची वाट बघते, कारण कधीही बघा, ती खिडकीशी असते.

परवा मामांनी मला सहा अंडी देऊन तिकडे पाठवलं होतं. "टेबलाशी बस. खिडकीतून पाणी कुठपर्यंत दिसतं ते सहज बघून ये." पॅरीबाईंनी चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव कापला. त्यांचं मांजर तीन पायांचं आहे, त्याची हकीकत निघाली, आणि मी चार तुकडे खाऊन परत आलो. पाणी बघायचं राहूनच गेलं.

आज पुन्हा सहा अंडी. या खेपेला मामा म्हणाले, "मी खाली बांबू धरून उभा राहतो, टोकाला लाल रुमाल. रुमाल पाण्याला लागला की खिडकीतून हात वर कर. तिला कळू देऊ नकोस."

मी टेबलाशी बसलो. पॅरीबाई माझ्याकडे पाठ करून बशा धूत होत्या. खाली आमच्या चार भिंती, त्यांच्यावर थोडं शेत, त्याच्यावर दोन बोटं रुंद समुद्र. भिंतींच्या आतून बांबू वर यायला लागला.

"तुझे मामा बावटा घेऊन काय करतायत?" त्या न वळता म्हणाल्या.

"सफरचंद पाडतायत."

"जुलैत?"

रुमाल पाण्याला लागला. मी डोकं खाजवल्यासारखा हात वर केला. बांबू खाली गेला. निथळत ठेवलेल्या बशा पॅरीबाईंनी उचलल्या आणि पुन्हा पाण्यात घातल्या. वय झालंय. माझी आजीही शेवटी शेवटी दिवा दोनदा मालवायची.

परत आलो तर मामा बांबूवर चाकूने खूण करत होते. आणखी सहा अंडी शिल्लक आहेत, ती आता आपण खाऊ म्हणाले.

१२ जुलै

ओर्लाला तिसरं पत्र. तीन पायांच्या मांजराबद्दल लिहिलं. मुद्द्याचं लिहायला जागा उरली नाही.

२० जुलै, शनिवार

पॅरीबाईंच्या फाटकाला 'विकणे आहे'चा बोर्ड लागला. दूधवाल्या इफानने सगळी बातमी दिली: मुलगी कार्डिफला आहे, तिथे खालच्या मजल्यावर आईसाठी खोली काढलीय, घराला गिऱ्हाईकही मिळाल्यासारखंच आहे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सामानाची गाडी येणार.

वाईट वाटलं. तो पाव आता मिळणार नाही. पण एक गोष्ट एकदम लक्षात आली आणि मी आत जाऊन मामांना म्हटलं, "सुटला प्रश्न. त्यांचा समुद्र झाकला जाईल म्हणून थांबला होतात ना? त्याच चालल्यात. आता चढवा छप्पर हवं तेवढं."

मामा घड्याळाची तबकडी घासत होते. ती खाली ठेवली आणि वर खोलीत गेले.

२१ जुलै

मामा चॅपलला गेले नाहीत. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच.

२२ जुलै

कंबर दुखतेय म्हणतात. ताट वर नेऊन दिलं. खोलीला एकच खिडकी आहे, ती रस्त्याकडे. त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

२४ जुलै

सकाळी सहाला हातोडीच्या आवाजाने जाग आली. अंगणात मामा, अंगावर कोट आणि पायात सपाता, भिंतीच्या सगळ्यात वरच्या थरातली एक वीट मोकळी करत होते.

"पाच थर," ते म्हणाले. "चारी बाजूंनी पाच थर खाली घ्यायचे. मग पंचवीस अंशांचा उतार. आढं बांबूच्या खुणेच्या खाली राहतं."

"मामा, त्या जाणार आहेत."

"ऑगस्टच्या एकतीसला."

"मग एकतीसनंतर कोण बघणार आहे समुद्र?"

"एकतीसपर्यंत ती बघणार आहे."

मी समजावायचा प्रयत्न केला. उभ्या भिंती पाडायच्या, तुमच्या दोन वर्षांच्या, आणि एक बाई पाच आठवडे बशा धुताना पाणी बघेल म्हणून? पाच थर काढले की भिंत माझ्या भुवयांना लागते. कडेला उभं राहिलं की डोकं वाशावर आपटणार.

"बसून काम करायचंय मला. कंबर अशी आहे."

"पण का?"

"शेजार म्हणजे शेजार."

आमच्या चॅपलवाल्या लोकांचा हा सभ्यपणा मला कधी कळला नाही. चावणाऱ्या कुत्र्यालाही माफ करा म्हणतील.

३० जुलै

सहा दिवस विटा उतरवतोय. चुना खरवडून विटा रचून ठेवायच्या, एकही फुटलेली चालत नाही. हातांची सालं निघालीत. आज मी म्हटलं, "तुमचं छप्पर तुम्हालाच नकोय. उद्या म्हणाल दहा थर काढ."

मामा म्हणाले, "जायचं असेल तर जा. तुला कोणी बांधलेलं नाही."

एवढंच हवं होतं मला. बॅग भरून पाचची बस पकडली.

१ ऑगस्ट, होलीहेड

बोट सव्वादोनची. बंदरावर बसलोय. खिशात तीन पत्रं. एक सीगल माझ्या सँडविचकडे मामांसारखा बघतोय.

तिकडे गेलो आणि ओर्लाने विचारलं, "दहा महिने काय करत होतास?" तर काय सांगू? शेवटी एका छपराचं काम अर्धं टाकून आलो? ती म्हणायची, तू शिडी धरतोस छान, पण मधेच सोडतोस. ते खरंच झालं होतं एकदा. तिला लागलं नाही, फांदीला धरून लटकली आणि हसली. मीच घाबरलो होतो.

बोट गेली. शेवटपर्यंत बघत बसलो. पांढरी रेघ राहते मागे, बराच वेळ.

३ ऑगस्ट

परत आलो. मामा भिंतीशीच होते. या तीन दिवसांत त्यांनी एकट्याने उरलेला थर उतरवलाय, काठी बगलेत धरून. मला बघून म्हणाले, "चहा किटलीत आहे." बस, एवढंच.

ड्रायव्हर म्हणाला होता, "इफान, याच स्टॉपवर दोनदा उतरलास. तब्येत बरी आहे ना?"

९ ऑगस्ट

भिंतींवर लाकडी पट्ट बसले, मग आढं, मग वासे. प्रत्येक वाशाला खालच्या टोकाशी खाच पाडायची, म्हणजे तो पट्टावर नीट बसतो. पहिल्या चार खाचा मी उलट्या बाजूला पाडल्या. मामा खाली खुर्ची टाकून बसलेत आणि तिथूनच सगळं चालवतात. "डावीकडे. तुझं डावं, माझं नाही. त्याहून डावीकडे म्हटलं तर आयर्लंडला जाशील."

ते थांबले. मग म्हणाले, "नाव काय तिचं?"

"कोणाचं?"

"त्या तीन पाकिटांवर आहे ती."

मी म्हटलं, डायरी वाचलीत तुम्ही. ते म्हणाले वाचली नाही, पडली आणि पाकिटं बाहेर आली.

"ओर्ला."

"तिकीट लावायला विसरलास का?"

मी वर होतो, पुढचा खिळा ठोकायला घेतला.

१६ ऑगस्ट

पाट्या निवडायचं काम आता कळलं. पाटी एका हातात सैल धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करायची. चांगली असली तर घंटेसारखी वाजते. आत चीर असली तर ठप्प. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. मामांना वाजवावं लागत नाही, मी वाजवतो ते ऐकून खालून सांगतात, "टाक ती."

आकारांना आमच्याकडे बायकांची नावं आहेत. दोन फुटी ती डचेस, वीस इंची काउंटेस, सोळा इंची लेडी. खाली पागोळीला थोरल्या, वर जाता जाता धाकट्या. सबंध दिवस मामा ओरडत असतात, "काउंटेस आण! ही लेडी तिथे नको, भिजेल!" रस्त्यावरून जाणाऱ्या दोन पर्यटक बायका थांबून ऐकत होत्या.

एका पाटीच्या मागे खिळ्याने खरवडलेलं सापडलं: 'पाऊस. पाय गार. १८७४.' मामांनी सांगितलं, ही पाटीवाल्यांची जुनी रीत. छप्पर संपत आलं की आढ्याखालच्या तिसऱ्या ओळीत एका पाटीच्या पाठीवर काहीतरी लिहायचं. नाव, हवामान, मालकाला शिवी, जे मनात असेल ते. ती बाजू खाली जाते. पुढे कधी शंभर वर्षांनी कोणी छप्पर उतरवेल तो वाचेल.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कोणी नाही. बसवणारासुद्धा नाही. पाठ बघायची नाही, खिळे ठोकायचे."

"तुम्ही काय काय लिहिलंत चाळीस वर्षांत?"

"बहुतेक हवामान," मामा म्हणाले.

२३ ऑगस्ट

दोन्ही पाखी अर्ध्याहून वर आल्या. एक उतार पॅरीबाईंच्या खिडकीकडे, दुसरा आमच्या स्वयंपाकघराकडे. काल सगळी नववी ओळ काढायला लागली, कारण मी सांध्यावर सांधा आणला होता. पाणी सांध्यातूनच जातं, म्हणून वरच्या पाटीचं पोट खालच्या सांध्यावर यायला हवं. एवढं सोपं आहे आणि मी सदतीस गोगलगायी मोजू शकतो पण हे ध्यानात राहत नाही.

पॅरीबाईंच्या घरात खोकी दिसतायत. खिडकी मात्र तशीच. मी सकाळी आठला वर चढतो तेव्हा त्या बशा धूत असतात, अकराला चहाला उतरतो तेव्हाही. दोन-तीन बशांचा संसार. इतकं काय धुतात?

२७ ऑगस्ट, मंगळवार

तिसरी ओळ.

मामांनी सकाळीच एक लेडी निवडून ठेवली होती. खुर्चीत बसून, माझ्याकडे पाठ करून, खिळ्याने खरवडत होते. वेळ लागला. मग पाटी पालथी धरून मला दिली. "ही शेजारच्या बाजूच्या उतारावर. पाठ बघायची नाही."

तेवढ्यात पॅरीबाई कुंपणापाशी आल्या. हातात पावाची ताटली, वर फडकं.

"मिस्टर रोलंड्स," त्या मामांना म्हणाल्या, "छप्पर छान झालं. ओल्या पाट्या काय चकाकतात सकाळी."

"तुम्हाला पाणी दिसतंय ना?" मामांनी विचारलं. ते उठून उभे राहिले होते. टोपी काढली होती, आणि आता ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

"दिसतं."

"पाच थर खाली घेतले आम्ही."

"बघत होते मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ती लिहायची रीत फक्त पाटीवाल्यांसाठीच का रे पोरा? ह्यूच्या बोटीला पाट्या नव्हत्या. मला कधी संधीच मिळाली नाही."

मामांनी एक लेडी उचलली, टकटक केली, दुसरी घेतली, टकटक केली, तिसरी त्यांना दिली. खिळाही दिला. पॅरीबाईंनी ती कुंपणाच्या दगडावर ठेवून उभ्याउभ्याच लिहिलं. त्यांना अजिबात वेळ लागला नाही. जणू पाठ होतं.

"माझी तुमच्या बाजूला बसव," त्या मला म्हणाल्या. "आणि बघायचं नाही, बरं का."

आता खरं लिहितो, डायरी माझी आहे. मी दोन्ही बघितल्या. वर चढल्यावर, आढ्याच्या आड, दोन्ही उलट्या केल्या. मामांच्या पाटीवर होतं: 'खिडकी मोकळी ठेवली.' खाली नाव आणि साल.

पॅरीबाईंच्या पाटीवर होतं: 'तू भिंत बांधत होतास, तेव्हा मी बशा दोनदा धूत होते.'

दोन्ही जागच्या जागी बसवल्या. चार खिळे. एक खिळा वाकला.

२९ ऑगस्ट

आढ्यावरची कौलं चुन्यात बसली. काम संपलं, बाकही आत टाकलं. मामा दारातून आत गेले, वर बघितलं, बाहेर आले. "पाणी आत यायचं नाही," म्हणाले. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कोणाला दिल्याचं मला माहीत नाही.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "मामा, शेजारी जाऊन या ना. शनिवारी त्या निघतील."

"गाडी येताना दिसेलच की. फाटकाशी उभा राहीन."

"आत जाऊन."

"सव्वीस वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही. आता सामान बांधलेल्या घरात जाऊ? काय सांगू?"

बटाटे गार झाले. मला ओठावर आलं होतं, सगळं. पण शपथ नसली तरी रीत आहे, आणि ती मी एकदा मोडलीच आहे. दोनदा कशी मोडायची? शिवाय तोंडाने सांगितलं तर मामा म्हणतील, हवामान बोलतंय.

३० ऑगस्ट

ओर्लाला चौथं पत्र लिहायला घेतलं. पानभर छपराचंच झालं. मग वाचून पाहिलं. चार पत्रांत मिळून मांजर आहे, सीगल आहे, गोगलगायी आहेत, पाट्यांची नावं आहेत. ती कुठेच नाही. माझी सगळी पत्रं पालथ्या पाट्यांसारखी आहेत, आणि त्यांच्या पाठीवरसुद्धा काही लिहिलेलं नाही.

मामांना काय दिसतं आणि त्या बाईला काय दिसत होतं, याचा विचार करत होतो. एकाच खिडकीबद्दल दोघं बोलतायत. शंभर वर्षांनी जो छप्पर उतरवेल तो दोन्ही पाट्या वाचेल आणि म्हणेल, अरेरे. त्याला अरेरे म्हणायला मिळावं म्हणून मी पाच थर उतरवले का?

३१ ऑगस्ट, शनिवार. बसमध्ये

अक्षर वाकडं येतंय, रस्ता वाकडा आहे.

पहाटे उजाडताच उठलो. मामांची ती लांब चपटी सळी घेतली, टोकाला आकडा असलेली. पाट्यांखालून सरकवायची, आकडा खिळ्यात अडकवायचा आणि मुठीवर हातोडी मारायची, खिळा तुटतो. चौकशी न करता कशी वापरायची ते मला माहीत होतं, नवव्या ओळीमुळे. आमच्या स्वयंपाकघराकडच्या पाखीवर चढलो. तिसरी ओळ, डावीकडून सहावी. दोन खिळे तुटले आणि पाटी माझ्या मांडीवर सरकत आली.

तिच्या जागी दुसरी लेडी घातली. पण एकदा बसलेल्या ओळीत नव्या पाटीला खिळे मारता येत नाहीत, जागाच झाकलेली असते. मग तांब्याची एक बारीक पट्टी आधी आत ठोकायची, पाटी सरकवायची आणि पट्टीचं टोक खालून वर वळवून पाटीला धरायचं. ते टोक कायम दिसतं. पाटीवाल्यांमध्ये ती लाजेची खूण, इथे काहीतरी चुकलं होतं म्हणून सांगणारी. सबंध छपरावर ती एकच. तांबं नवं होतं, उजेडात दिव्यासारखं चमकलं.

पॅरीबाईंची पाटी मामांच्या बाकावर ठेवली. लिहिलेली बाजू वर.

मग बॅग उचलली. आठची बस फाटकासमोरच थांबते. सामानाची गाडी आधीच शेजारी लागलेली होती, दोन माणसं सोफा बाहेर काढत होती. मी वरच्या मजल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसलो, तिथून घराच्या कडेने मागचं अंगण दिसतं. चढतानाच ड्रायव्हरने विचारलं होतं, "या वेळी कुठवर?" म्हटलं, "बोटीपर्यंत." त्याने माझ्याकडे बघितलं आणि उगीचच इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं.

मामा चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले. रोजच्यासारखं छपराकडे बघितलं. चाळीस वर्षं. ती पट्टी दिसायला त्यांना एक श्वाससुद्धा लागला नसेल. कप दगडावर ठेवला. ओरडले, "इफान!" असं की गाडीवाल्यांनी सोफा खाली ठेवला. मग शिव्या सुरू झाल्या: गाढवा, नव्या छपराला पट्टी, कोणी सांगितलं होतं तुला. तशाच शिव्या देत, काठी आपटत, खाली वाकून ते कामाच्या खोलीत शिरले.

शिव्या थांबल्या.

बस सुटली. चढाच्या वळणावर मी मान मोडेपर्यंत मागे वळून बघत होतो. मामा बाहेर आले होते. पाटी छातीशी धरलेली, लिखाण आत कोटाला लागलेलं. मला वाटलं रस्त्याकडे येतील, मुठी दाखवायला. ते रस्त्याकडे आले नाहीत. सोफ्याला वळसा घालून ते शेजारच्या फाटकातून आत गेले, आणि पायऱ्यांपाशी थांबले नाहीत.

पुढे दगडी भिंत आडवी आली.

आता बॅंगर येईल, मग पूल, मग होलीहेड. चारही पत्रं मागे ठेवून आलोय, मामांच्या चुलीत जातील. डायरीचं एक कोरं पान फाडून गुडघ्यावर घेतलंय. होलीहेड येईपर्यंत त्यावर एकच ओळ लिहायची आहे, आणि तिच्यात मांजर नसेल.